आयसीयूतल्या जिवाणूंची सेन्सिटिव्हिटी: नमुना घेण्यापासून विभागाचा अँटिबायोग्राम बांधण्यापर्यंत

सकाळच्या राउंडला फाइल उघडली की नजर आधी कल्चर रिपोर्टवरच्या (नमुन्यातले जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीच्या) 'एस'कडे, म्हणजे 'सेन्सिटिव्ह'कडे धावते. वर जिवाणूचं नाव, खाली 'आर'ची (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा) लांबलचक रांग आणि तिच्यात कुठेतरी एक-दोन 'एस'. ज्या औषधासमोर 'एस' असेल ते ऑर्डर शीटवर चढतं. नमुना कुठून घेतला, कधी घेतला, त्या वेळी रुग्णाला कोणतं अँटिबायोटिक चालू होतं आणि हा जिवाणू खरोखर आजाराला कारणीभूत आहे का, हे प्रश्न मागेच राहतात.

सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट एका अगदी अरुंद प्रश्नाचं उत्तर देतो: या जिवाणूची वाढ, या औषधाच्या या मात्रेला, प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या परिस्थितीत थांबली की नाही? रुग्णाला काय द्यायचं, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांमधलं अंतर कसं भरायचं, ते इथे पायरीपायरीने मांडलं आहे. लेख रेसिडेंट डॉक्टर, आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर आणि लॅबमध्ये प्लेटा वाचणाऱ्या मंडळींसाठी आहे. कुणा एका रुग्णाचं औषध यावरून ठरवू नका. तो निर्णय रुग्ण डोळ्यांसमोर असलेल्या टीमचाच.

पहिली पायरी: नमुना

इथे सर्वांत जास्त वेळ देणार आहे, कारण पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रक्तापासून सुरुवात करू. प्रौढ रुग्णाच्या रक्तात संसर्ग पसरलेला असतानाही दर मिलिलिटरमागे अनेकदा एखादाच जिवाणू असतो, कधी तेवढाही नसतो. म्हणून कल्चर पॉझिटिव्ह येण्यात सर्वांत मोठा वाटा रक्ताच्या प्रमाणाचा असतो. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि रक्त हवं. दोन बाटल्यांचा एक सेट, आणि असे किमान दोन सेट दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून. एकाच सेटवर थांबलात तर रक्तातले साधारण एक चतुर्थांश संसर्ग निसटतात. तीन-चार मिलि रक्त घालून पाठवलेली बाटली निगेटिव्ह आली तर 'जंतू नाही' असा अर्थ काढू नका. तुम्ही पुरेसं शोधलेलंच नाही.

त्वचा क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने घासा आणि ती पूर्ण सुकू द्या. हे सुकणं घाईत राहून जातं आणि त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस बाटलीत उतरतात. बाटलीचं रबरी झाकणही अल्कोहोलने पुसा. चांगल्या विभागात दूषित रक्त-कल्चरचं प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली ठेवणं जमतं. सेंट्रल लाइनवर (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर) संशय असेल तर एक सेट लाइनमधून आणि एक शिरेतून, एकाच वेळी आणि सारख्या प्रमाणात घ्या. लाइनची बाटली शिरेच्या बाटलीपेक्षा १२० मिनिटं किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली तर लाइनवरचा संशय पक्का होतो. पण त्यासाठी दोन्ही बाटल्यांवर 'लाइन' आणि 'शीर' असं लिहिलेलं हवं. लेबलवर हे नसेल तर लॅबला काहीच सांगता येत नाही.

हे सगळं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. सेप्टिक शॉकमध्ये औषध तासाभरात जायला हवं, म्हणून कल्चरसाठी औषध रखडवायचं नाही. पण दोन सेट काढायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ काढता येतो. भरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवू नका. पहाटे तीनला काढलेलं रक्त सकाळपर्यंत फ्रीजमध्ये पडून राहणं मला फार खटकतं. रुग्णाच्या हातून एक संधी गेलेली असते आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

श्वासनलिकेचा नमुना त्याहून फसवा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या एन्डोट्रेकिअल नळीत काही दिवसांत जिवाणू वस्ती करतातच. नळीतून घेतलेला स्राव कल्चरला टाकला की काहीतरी उगवणारच. म्हणून नमुना 'रुटीन' म्हणून पाठवू नका. नवा ताप, एक्स-रेवर नवी सावली, वाढलेला घट्ट स्राव, वाढलेली ऑक्सिजनची गरज असं काही घडलं तरच पाठवा. लॅबनेही आधी ग्रॅम स्टेन (नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली) पाहावा. लो-पॉवर फील्डमध्ये १० पेक्षा जास्त स्क्वॅमस पेशी दिसत असतील तर ती तोंडातली लाळ आहे, नमुना परत मागवा. मोजून केलेल्या कल्चरमध्ये एन्डोट्रेकिअल स्रावासाठी मिलिलिटरमागे साधारण एक लाख ते दहा लाख आणि ब्रॉन्कोस्कोपने धुऊन काढलेल्या द्रवासाठी दहा हजार कॉलनी, हे नेहमीचे उंबरठे आहेत. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. तेवढ्यात जमत नसेल तर हा नमुना मात्र फ्रीजमध्ये ठेवायचा, म्हणजे रक्ताच्या बरोबर उलट.

लघवी युरोबॅगमधून कधीही घेऊ नका. कॅथेटरच्या सॅम्पलिंग पोर्टमधून, तो पुसून, सुईने किंवा सिरिंजने घ्या. कॅथेटर बरेच दिवस जुना असेल तर आधी बदला आणि नव्यातून घ्या. काढलेल्या प्रत्येक सेंट्रल लाइनचं टोक सवयीने कल्चरला पाठवायची रीत बंद करा. टोक पाठवायचंच तर सोबत रक्ताचं कल्चर हवं, नाहीतर त्या टोकावरच्या वाढीला अर्थ नाही.

दुसरी पायरी: फॉर्मवर चार ओळी आणि लॅबला एक फोन

फॉर्मवर 'फीव्हर' एवढंच लिहून पाठवल्यास लॅबलाही अंधारातच चाचपडावं लागतं. आयसीयूत भरतीचा दिवस, व्हेंटिलेटर कधीपासून, सध्या कोणतं अँटिबायोटिक कितवा दिवस आणि तुमचा संशय कशाचा, एवढ्या चार गोष्टी लिहा. रुग्णाला मेनिन्जायटिस आहे हे लिहिलं नाही तर न्यूमोकोकसच्या पेनिसिलिनचा निकालच चुकू शकतो. मेंदूच्या आवरणासाठी सेन्सिटिव्हची मर्यादा मिलिलिटरमागे ०.०६ मायक्रोग्रॅम आहे आणि फुफ्फुसासाठी शिरेतून द्यायच्या पेनिसिलिनला २. जिवाणू तोच, आकडाही तोच, आणि निकाल दोन.

बाटली पॉझिटिव्ह झाल्यावर लॅबमधून येणारा ग्रॅम स्टेनचा फोन हा पहिला खरा रिपोर्ट. तो कुणी घेतला, किती वाजता, आणि ऐकल्यावर औषधात काय बदललं, याची फाइलमध्ये नोंद करा. जिवाणूचं नाव आणि सेन्सिटिव्हिटी यायला त्यानंतर नेहमीच्या पद्धतीने साधारण एक-दोन दिवस जातात. तेवढ्या काळात 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय' हे तीन शब्दही पुष्कळ काम करून जातात.

तिसरी पायरी: हा जिवाणू आरोपी आहे की नुसता रहिवासी?

सेन्सिटिव्हिटीचा तक्ता वाचण्याआधी हा प्रश्न विचारायचा. क्रम उलटा झाला की चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

काही उत्तरं जवळपास ठरलेली आहेत. रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस आला तर तो दूषितपणा समजायचा नाही, एका बाटलीत आला तरी. रक्तातला कँडिडाही तसाच. उलट थुंकीत किंवा नळीच्या स्रावात आलेला कँडिडा न्यूमोनिया जवळजवळ कधीच करत नाही. चारपैकी एकाच बाटलीत कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस उगवला आणि रुग्ण स्थिर असेल, तर बहुतेक वेळा तो त्वचेवरून आलेला असतो. ताप नाही, त्रास नाही आणि कॅथेटरच्या लघवीत क्लेबसिएला आहे, तर त्यावर उपचार नको. गर्भवती महिला आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणारा रुग्ण हे त्याला नेहमीचे अपवाद.

अवघड जागा म्हणजे नळीच्या स्रावातला ॲसिनेटोबॅक्टर. अशा रुग्णाची गॅस, एक्स-रे आणि स्रावाचं प्रमाण मागच्या तीन दिवसांशी ताडून पाहा. त्यात बदल नसेल तर रिपोर्टवरची 'आर'ची रांग कितीही भयंकर दिसली तरी थांबायचं धैर्य दाखवावं, असं माझं मत आहे. जिवाणू जितका रेझिस्टंट तितका तो आजाराला जास्त जबाबदार, असा एक समज पसरलेला आहे. त्याला काही आधार नाही.

चौथी पायरी: एस, आय, आर आणि एमआयसी

डिस्कची (औषध मुरवलेल्या कागदी चकतीची) पद्धत १९६६ साली बाउअर, किर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाणित केली आणि आजही ती जगभर चालते. ०.५ मॅकफर्लंड इतक्या गढूळपणाचं द्रावण, ४ मिमी जाडीचं म्युलर-हिंटन अगार, त्यावर डिस्क, ३५ अंशांच्या आसपास १६ ते १८ तास, आणि मग डिस्कभोवतीचं वर्तुळ मोजायचं. अगार पातळ ओतलं गेलं तर वर्तुळ मोठं दिसतं आणि रेझिस्टंट जिवाणू सेन्सिटिव्ह ठरतो. म्हणून ज्या लॅबमध्ये ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्यूडोमोनास एटीसीसी २७८५३ हे तपासणीचे जिवाणू नियमित लावले जातात, तिच्याच वर्तुळांवर भिस्त ठेवा. ती नोंदवही बघायला मागितली तर चांगली लॅब आनंदाने दाखवते.

दोन औषधं डिस्कवर तपासूच नयेत. कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो अगारमध्ये नीट पसरत नाही, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रवात औषधाच्या उतरत्या मात्रा ठेवून केलेली चाचणी) लागतं. स्टॅफिलोकोकससाठी व्हँकोमायसिनची डिस्कही निरुपयोगी, तिथेही एमआयसीच हवी. रिपोर्टवर डिस्कने तपासलेलं 'कोलिस्टिन: एस' दिसलं तर ते अक्षर विसरून जा. अमेरिकेच्या सीएलएसआय या मानक संस्थेने तर २०२० पासून स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर आणि आतड्यातल्या ग्रॅम निगेटिव्ह गटासाठी कोलिस्टिनची 'एस' ही श्रेणीच काढून टाकली. आता तिथे फक्त 'आय' (इंटरमिजिएट, मधली श्रेणी) किंवा 'आर'.

एमआयसी म्हणजे जिवाणूची दिसणारी वाढ थांबवणारी औषधाची सर्वांत कमी मात्रा. दोन वेगळ्या औषधांच्या एमआयसी शेजारी ठेवून 'लहान आकडा चांगला' म्हणायचं नसतं. ई. कोलायची सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एमआयसी १ आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची ८ आली, तर सीएलएसआयच्या तक्त्याप्रमाणे पहिलं औषध रेझिस्टंट आणि दुसरं सेन्सिटिव्ह. शिवाय या चाचणीत एका पायरीचा फरक, म्हणजे दुप्पट किंवा निम्मा आकडा, स्वाभाविक धरला जातो. मर्यादेवर बसलेला 'एस' तेवढ्याच सावधपणे घ्यायचा.

तक्ता कोणाचा वापरला हेही लॅबला विचारा. मेरोपेनेमची एमआयसी ४ असलेला क्लेबसिएला सीएलएसआयच्या हिशेबात 'आर' आहे आणि युरोपच्या युकास्ट या मानक संस्थेच्या हिशेबात 'आय'. युकास्टने २०१९ पासून 'आय'चा अर्थही बदलला: औषधाचं प्रमाण वाढवलं तर चालेल असा सेन्सिटिव्ह. जुन्या सवयीने 'आय' वाचून औषध बाजूला टाकणाऱ्याच्या हातून एक चांगला पर्याय निसटतो.

पाचवी पायरी: तक्त्यातले ठसे ओळखा

रिपोर्ट एकेका ओळीने वाचू नका. ओळी मिळून एक ठसा तयार होतो आणि त्यातून जिवाणूकडे कोणतं हत्यार आहे ते कळतं.

आधी अशक्य गोष्टी शोधा. क्लेबसिएला जन्मतःच ॲम्पिसिलिनला रेझिस्टंट असतो. प्रोटियस आणि सेराशिया कोलिस्टिनला दाद देत नाहीत. स्टेनोट्रोफोमोनास कार्बापेनेमना (मेरोपेनेम, इमिपेनेम, अर्टापेनेम या गटाला) भीक घालत नाही, एन्टरोकोकस सेफॅलोस्पोरिनना, आणि स्यूडोमोनास सेफ्ट्रिॲक्सोन व अर्टापेनेमला. यांतल्या कुठल्याही जोडीसमोर 'एस' छापून आला तर एक तर ओळख चुकली आहे किंवा चाचणी. लॅबला फोन करा. असा फोन केल्याबद्दल कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी करा.

मग ठसे. सेफ्ट्रिॲक्सोन 'आर' आणि मेरोपेनेम 'एस' असलेले ई. कोलाय किंवा क्लेबसिएला बहुतेक वेळा ईएसबीएल (पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन फोडणाऱ्या) एन्झाइमवाले. अशा रिपोर्टवर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसमोर 'एस' असला तरी रक्तातल्या संसर्गात त्यावर विसंबू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत नेमका हाच प्रश्न तपासला होता: ३० दिवसांतले मृत्यू पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात १२.३ टक्के आणि मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के. प्लेटवरचा 'एस' आणि रुग्णाचा जीव यांच्यातलं अंतर दाखवणारे इतके स्पष्ट आकडे क्वचितच मिळतात.

एन्टरोबॅक्टर क्लोअकी, क्लेबसिएला एरोजेनिस आणि सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी यांच्याकडे ॲम्पसी हे सेफॅलोस्पोरिन फोडणारं एन्झाइम दडून बसलेलं असतं. सेफ्ट्रिॲक्सोन पहिल्या दिवशी 'एस' असतं आणि उपचार चालू असतानाच जिवाणू ते एन्झाइम भरभरून बनवू लागतो. गंभीर संसर्गात इथे सेफेपिम अधिक भरवशाचं.

अर्टापेनेम 'आर' पण मेरोपेनेम 'एस' असेल तर ओएक्सए-४८ या एन्झाइमची किंवा पेशीच्या भिंतीतली दारं बंद झाल्याची शंका घ्या. प्रोटियसमध्ये फक्त इमिपेनेम थोडं कमी पडताना दिसलं तर घाबरू नका, तो त्याचा स्वभाव आहे. दोन्ही कार्बापेनेम 'आर' असतील तर कोणतं कार्बापेनेमेज (कार्बापेनेम फोडणारं एन्झाइम: केपीसी, ओएक्सए-४८ की एनडीएम) आहे हे लॅबला विचाराच, कारण औषध त्यावर ठरतं. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम केपीसी आणि ओएक्सए-४८ वर चालतं, एनडीएमवर नाही. एनडीएम असेल तर सोबत ॲझट्रिओनाम लागतं: एनडीएमला ॲझट्रिओनाम फोडता येत नाही आणि ते फोडणाऱ्या इतर एन्झाइमना ॲव्हिबॅक्टम अडवतं.

सहावी पायरी: औषध तिथे पोचतं का?

डॅप्टोमायसिन फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंटमध्ये निष्प्रभ होतं, म्हणून न्यूमोनियात त्याचा 'एस' बिनकामाचा. टायगेसायक्लिन पेशींमध्ये शिरतं आणि रक्तात त्याचं प्रमाण फार कमी राहतं, त्यामुळे रक्तातल्या संसर्गात त्याच्यावर एकट्यावर सोपवू नका. नायट्रोफ्युरँटॉइन फक्त मूत्राशयापुरतं. अमायनोग्लायकोसाइड फुफ्फुसात आणि पुवाच्या पोकळीत लंगडतात. पू साचला असेल तर तो काढणं हाच उपचाराचा गाभा आहे.

डोसचं गणित आयसीयूत वेगळं असतं. सेप्सिसमध्ये शरीरात पाणी भरलेलं असतं, म्हणून पहिला डोस पूर्ण द्या, किडनी कमी काम करत असली तरी. कपात पुढच्या डोसांपासून करा. तरुण, जळालेल्या किंवा अपघातातल्या रुग्णांमध्ये किडनी उलट जास्त वेगाने औषध बाहेर टाकते. क्रिॲटिनिन क्लिअरन्स १३० च्या वर असेल तर नेहमीचा डोस तोकडा पडतो आणि 'एस' असूनही रुग्ण सुधारत नाही. मेरोपेनेम आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम पहिल्या डोसानंतर तीन-चार तासांत हळूहळू सोडण्यामागचा विचार असा की औषध एमआयसीच्या वर जितका जास्त वेळ राहील तितका परिणाम चांगला.

सातवी पायरी: ४८ ते ७२ तासांनी बसून निर्णय

रिपोर्ट हातात आल्यावर तीनच वाटा: औषध अरुंद करा, बदला किंवा बंद करा. 'तेच चालू ठेवा' हा निर्णय असेल तर त्याचं कारण फाइलमध्ये लिहा. स्टॅफिलोकोकस ऑरियस मेथिसिलिनला सेन्सिटिव्ह निघाला तर व्हँकोमायसिन सोडून सेफॅझोलिनसारख्या बीटा-लॅक्टमवर या. हे नुसतं काटकसरीसाठी नाही, त्या जिवाणूवर ते व्हँकोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं. थांबायची तारीखही त्याच दिवशी लिहा.

आठवी पायरी: विभागाचा स्वतःचा अँटिबायोग्राम

आतापर्यंत एका रुग्णाचा रिपोर्ट पाहिला. पण कल्चर यायच्या आधी, रात्री दोनला, पहिलं औषध निवडताना हातात काय असतं? तिथे विभागाचा एकत्रित हिशेब, म्हणजेच अँटिबायोग्राम, कामी येतो. तो संपूर्ण रुग्णालयाचा घेतला तर बाहेरच्या रुग्णांच्या लघवीतले साधे ई. कोलाय आकडे फुगवतात आणि आयसीयूचं चित्र आहे त्याहून बरं दिसतं. आयसीयूचा हिशेब आयसीयूच्याच नमुन्यांचा हवा.

मोजणीचे नियम सीएलएसआयच्या एम३९ मार्गदर्शिकेत आहेत. माझ्या मते त्यांतला सर्वांत महत्त्वाचा असा: एका रुग्णाचा, एका प्रकारचा, त्या कालावधीतला पहिलाच जिवाणू मोजायचा. का, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहा. समजा वर्षभरात ४० रुग्णांमध्ये क्लेबसिएला सापडला आणि त्यांतल्या २४ जणांचा मेरोपेनेमला सेन्सिटिव्ह होता, म्हणजे ६० टक्के. पण त्यांतले चार रुग्ण दीड-दोन महिने राहिले, त्यांचा रेझिस्टंट क्लेबसिएला आणखी २० वेळा उगवला आणि तेही मोजले गेले. आता ६० पैकी २४, म्हणजे ४० टक्के. चार खाटांनी सगळ्या विभागाचं चित्र बदललं, आणि ते पाहून पुढच्या प्रत्येक रुग्णाला राखीव औषध पहिल्या दिवसापासून सुरू होईल.

बाकीचे नियम भराभर. शोधमोहिमेसाठी घेतलेले रेक्टल स्वॅब मोजू नका. 'आय'ची बेरीज 'एस'मध्ये करू नका. एका जिवाणूचे किमान ३० नमुने नसतील तर टक्केवारी छापू नका, दोन वर्षं एकत्र करा. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही: ३० पैकी २४ सेन्सिटिव्ह म्हणजे ८० टक्के दिसतात, पण खरा आकडा ६१ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. आणि जे औषध फक्त रेझिस्टंट जिवाणूंवरच लावलं जातं, त्याची टक्केवारी इतर औषधांच्या रांगेत बसवू नका, कारण तिचा छेद वेगळा आहे.

हे हाताने करायची गरज नाही. १९८९ पासून विकसित होत आलेलं व्होनेट हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पहिलाच नमुना मोजण्याचं काम ते स्वतः करतं. त्यासाठी नोंदीत रुग्णाचा क्रमांक, वॉर्ड, भरतीची तारीख आणि नमुन्याचा प्रकार न चुकता भरलेला हवा. भरतीची तारीख असली की आणखी एक उपयोगी विभागणी करता येते: आयसीयूत आल्यापासून ४८ तासांच्या आतले जिवाणू आणि नंतरचे. पहिले रुग्णाबरोबर आलेले, दुसरे बहुतांशी तुमच्या विभागातले. दोन्हींची टक्केवारी बऱ्याचदा इतकी वेगळी निघते की एकाच पहिल्या औषधाने दोघांना झाकणं (ते दोघांवर लागू पडेल असं धरणं) चूक ठरतं.

नववी पायरी: हिशेबातून पहिलं औषध

जिवाणूवार तक्ता रात्री दोनला फारसा उपयोगी पडत नाही, कारण तेव्हा जिवाणूचं नाव माहीत नसतं. माहीत असतो तो आजार. म्हणून आजारवार हिशेब करा. पुन्हा समजा: व्हेंटिलेटर न्यूमोनियाच्या ५० घटनांमध्ये क्लेबसिएला २०, ॲसिनेटोबॅक्टर १५, स्यूडोमोनास १० आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस ५. मेरोपेनेमने यांतले अनुक्रमे १२, ३, ७ आणि ३ झाकले जातात. एकूण ५० पैकी २५. क्लेबसिएलाच्या ओळीत ६० आणि स्यूडोमोनासच्या ओळीत ७० टक्के वाचून मिळालेला दिलासा इथे निम्म्यावर येतो.

दुसरं औषध जोडताना टक्केवारींचा गुणाकार करू नका. मेरोपेनेम ७० आणि अमिकॅसिन ७५ टक्के असेल तर दोन्ही मिळून ९२ टक्के झाकलं जाईल असं कागदावर निघतं. प्रत्यक्षात रेझिस्टन्सची जनुकं अनेकदा एकाच प्लास्मिडवर (जिवाणूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या कड्यावर) एकत्र प्रवास करतात, म्हणून मेरोपेनेमला न जुमानणारा जिवाणू अमिकॅसिनलाही जुमानत नाही. एकेक जिवाणू घेऊन 'दोनपैकी एकाला तरी सेन्सिटिव्ह' असे किती, ते मोजा.

एक तयार उंबरठाही आहे. अमेरिकेच्या आयडीएसए आणि एटीएस या संस्थांच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार विभागातल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसपैकी १० ते २० टक्क्यांहून जास्त एमआरएसए (मेथिसिलिनला रेझिस्टंट) असतील, तर व्हेंटिलेटर न्यूमोनियात त्याच्यासाठी औषध सुरुवातीलाच जोडायचं. ज्या औषधावर एकट्यावर भिस्त ठेवायची, त्याला १० टक्क्यांहून जास्त ग्रॅम निगेटिव्ह रेझिस्टंट असतील तर सुरुवात दोन औषधांनी. पण या रुग्णाच्या आधीच्या कल्चरमध्ये काय निघालं होतं आणि गेल्या ९० दिवसांत त्याला शिरेतून कोणती अँटिबायोटिक मिळाली, हे विभागाच्या कुठल्याही टक्केवारीपेक्षा वजनदार धरा.

दहावी पायरी: वर्षभर वाट पाहू नका

वार्षिक तक्ता मागच्या वर्षाचा असतो. साथ मात्र या आठवड्यात सुरू होते. दर सोमवारी मागच्या सात दिवसांचे पॉझिटिव्ह कल्चर खाटांच्या नकाशावर मांडा, दहा मिनिटांचं काम आहे. शेजारच्या दोन खाटांवर एकच जिवाणू, एस-आरची रांगही हुबेहूब तीच, तर तो बहुधा हातांवरून, सक्शनच्या साहित्यावरून किंवा सिंकच्या निचऱ्यातून फिरतो आहे. तीन रुग्णांच्या रक्तात अचानक बर्कहोल्डेरिया सेपेशिया निघाला तर औषधाचा विचार जरा बाजूला ठेवून बाटल्या तपासा: अनेकांसाठी वापरलेलं सलाइन, नेब्युलायझरचं द्रावण, अँटिसेप्टिक, माउथवॉश. हा जिवाणू अशा द्रवांमध्ये तग धरतो आणि त्यांच्यातूनच पसरल्याच्या साथी वेळोवेळी सापडल्या आहेत. संशयित बाटली फेकू नका. तिच्यावर बॅच क्रमांक आणि उघडल्याची तारीख लिहा, ती लॅबला पाठवा, आणि रुग्णांचे जिवाणू साठवून ठेवायला त्याच फोनवर सांगा.